राखलेला कोरा कागद

गेल्या पावसाळ्यातील एका सायंकाळी एक तरुण चित्रकार आमच्या भेटीस आला. तो शेजारच्या धर्मग्रामातला. त्याच्या घरच्यांना आम्ही पुष्कळ वर्षांपासून ओळखतो. काखेत पुठ्ठ्याचे भले मोठे बाड होते आणि ते भिजू नये म्हणून त्याने स्वतः भिजणे पत्करले होते. पश्चिम रेल्वेच्या लोकल स्थानकांविषयी एक पुस्तक तयार होत आहे. मजकूर दुसऱ्या गृहस्थांचा, चित्रे याची. चर्चगेटपासून विरारपर्यंतच्या निवडक स्थानकांची अडतीस जलरंग चित्रे त्याने टेबलावर एकामागून एक मांडली आणि पुस्तक छापखान्यात जाण्यापूर्वी आम्ही चार शब्द प्रस्तावनेदाखल लिहून द्यावेत, अशी विनंती केली.

आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागितली. त्या मुदतीत चित्रे अनेकदा पाहिली आणि अखेर प्रस्तावना न लिहिण्याचे ठरवले. प्रस्तावनेत कौतुक करावे लागते आणि येथे कौतुकाच्या जोडीला एक तक्रारही होती. ती आम्ही त्याला पत्राने कळवली. त्या पत्राचा सारांश त्याच्याच संमतीने येथे देत आहोत, कारण हा प्रश्न एका तरुणाच्या अडतीस चित्रांपुरता राहिलेला नाही. ज्या फलाटांवर आपल्या तीन-चार पिढ्यांचे आयुष्य गेले, ते फलाट चित्रात कसे यावेत, हा प्रश्न आपणा सर्वांचा आहे.

आम्ही चित्रकलेचे जाणकार नव्हेत, हे आधीच कबूल केलेले बरे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. कुंचला हाती धरला तो नाताळच्या गोठ्यामागचे आकाश रंगवण्यापुरता. परंतु लोकलचा प्रवासी म्हणून आमचा अनुभव कोणापेक्षाही कमी नाही, आणि चित्र पाहणाऱ्यालाही चित्राविषयी बोलण्याचा थोडा हक्क असतो, एवढ्या बळावर हे लिहीत आहोत.

प्रथम गुणांविषयी. या तरुणाला पाऊस रंगवता येतो. ओल्या कागदावर ओला रंग सोडून तो आभाळ असे उतरवतो की, नायगावच्या खाडीवरून येणारी सर आता खिडकीतून आत येईल, असे वाटावे. वांद्रे स्थानकाची उतरत्या छपरांची जुनी इमारत त्याने फार मायेने काढली आहे. छपराचा ओलसर तांबूस रंग, खांबांच्या माथ्यावरची लोखंडी नक्षी, भिजलेल्या फलाटावर पडलेले दिव्यांचे लांबट प्रतिबिंब, सारे काही जागच्या जागी आहे. यथार्थदर्शनात कोठे चूक नाही. दूर जाऊन एका बिंदूत मिळणारे रूळ काढणे दिसते तितके सोपे नसते. त्याला ते सहज साधले आहे. असा हात आपल्या समाजातील एका मुलाला लाभला, याचा आनंद आम्हाला झाला आणि तो आम्ही लपवला नाही.

मग उणे काय? उणे एवढेच की, अडतीस चित्रे पाहून झाल्यावर आमच्या स्मरणात एकही माणूस राहिला नाही.

आपली तक्रार रास्त आहे की नाही, हे पडताळण्यासाठी जुन्या चित्रकारांनी हाच विषय कसा हाताळला, हे पाहणे उपयुक्त ठरेल. रेल्वेवरील सचित्र पुस्तकांची परंपरा रेल्वेइतकीच जुनी आहे. इंग्लंडातील लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे उद्घाटन १५ सप्टेंबर १८३० रोजी झाले आणि दुसऱ्याच वर्षी, १८३१ मध्ये, लंडनच्या अॅकरमन या प्रकाशकाने टॉमस टॅलबॉट बरी याच्या चित्रांचे पुस्तक काढले. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली ही चित्रे नंतर हाताने जलरंगात रंगवलेली असत. पूल, बोगदे, डोंगर कापून केलेल्या वाटा, स्थानके, सारे त्यात आहे. इंजिनात पाणी भरण्याचे पार्कसाइड येथील एक चित्रही त्यात आहे. याच पार्कसाइडला उद्घाटनाच्या दिवशी विल्यम हस्किसन हे पार्लमेंटचे सभासद ‘रॉकेट’ इंजिनाखाली सापडून प्राणास मुकले होते. चित्रात मात्र सारे शांत आहे. आभाळ निवळ आहे, यंत्र निमूटपणे पाणी पीत आहे. नवी रेल्वे सुरक्षित आणि सुंदर आहे, असे लोकांना वाटावे, हे अशा चित्रांचे काम होते आणि ते त्यांनी चोख बजावले.

त्यानंतर काही वर्षांनी, १८३८-३९ मध्ये, जॉन कुक बोर्न याने लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेची चित्रे प्रसिद्ध केली. ती शिळाछापाने छापलेली होती. बोर्न वेगळ्या डोळ्याचा माणूस होता. रेल्वे बांधली जात असतानाच तो तेथे जाऊन बसला. त्यामुळे त्याच्या चित्रांत माती खणणारे, ढकलगाड्या ओढणारे, दोरांना लटकलेले मजूर दिसतात. किल्स्बीच्या बोगद्यातील त्याचे चित्र प्रसिद्धच आहे. वरच्या विहिरीसारख्या झरोक्यातून उजेडाचा एक प्रचंड झोत खाली उतरला आहे आणि त्या झोताच्या तळाशी माणसे इवलीशी दिसत आहेत. ती लहान आहेत, पण ती तेथे आहेत. त्यांच्यावाचून त्या बोगद्याची भव्यताही कळली नसती.

आता आपल्या मुंबईचे उदाहरण घेऊ. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूचे एक सुंदर जलरंग चित्र अॅक्सेल हेग या मूळच्या स्वीडिश चित्रकाराने १८७८ साली केले. वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या नकाशांवरून ते काढलेले आहे. गंमत अशी की, त्या वर्षी ही इमारत अस्तित्वातच नव्हती. तिचे काम नुकते कोठे सुरू होत होते आणि ते पूर्ण व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. म्हणजे स्थानकाआधी त्याचे जलरंग चित्र तयार होते! घुमट, कमानी, मनोरे, सारे त्यात ऐटीत उभे आहे. ज्यांनी त्या दगडांवर पाने, पक्षी आणि प्राणी कोरले, त्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात दगडाला अजून लागायचे होते. ज्या लाखो माणसांनी पुढे रोज त्या कमानींखालून धावायचे होते, त्यांच्यापैकी अनेकांचे आजोबाही तेव्हा जन्मलेले नसतील. हेगला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्यावर सोपवलेले काम इमारत कशी दिसेल, ते दाखवण्याचे होते.

परंतु आज, वास्तू उभी राहून शतकाहून अधिक काळ लोटल्यावर आणि २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत तिचे नाव गेल्यावरही, स्थानकाची चित्रे काढणारे आपले तरुण बहुधा हेगच्याच नजरेने पाहतात. जणू स्थानक अजून बांधून व्हायचे आहे आणि प्रवासी अजून यायचे आहेत! आमच्या तक्रारीचे मूळ येथे आहे.

कोणी म्हणेल, गर्दी हा चित्राचा विषयच होऊ शकत नाही. तसेही म्हणता येत नाही. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाचे विल्यम पॉवेल फ्रिथ याने १८६२ साली पूर्ण केलेले तैलचित्र पाहावे. काच आणि लोखंडाचे ते छप्पर वर आहे, परंतु चित्र खाली, फलाटावर घडते. एकीकडे नवपरिणीत जोडपे निघाले आहे, एकीकडे मुलांना शाळेला धाडणारे आईबाप आहेत, टोकाला गाडीत पाय ठेवणाऱ्या एका गुन्हेगाराला पोलीस पकडत आहेत. अख्खी कादंबरी एका फलाटावर मांडली आहे. याच्या अगदी उलट क्लोद मोने. पॅरिसच्या सेंट-लझार स्थानकाची त्याने १८७७ च्या सुमारास बारा चित्रे केली. त्यांत वाफ, धूर आणि उजेड यांचेच राज्य आहे. माणसे म्हणजे निळसर रंगाचे चार फटकारे. फ्रिथला माणसे हवी होती म्हणून त्याने माणसे रंगवली; मोनेला हवा रंगवायची होती म्हणून त्याने माणसेही हवेत विरघळवली. दोघांनी आधी ठरवले आणि मग कुंचला उचलला. आमच्या तरुण मित्राने मात्र हे ठरवलेच नव्हते, असे आम्हाला वाटते.

येथे जलरंग या माध्यमाचा एक विशेष सांगितला पाहिजे. तो आम्हाला याच तरुणाने पूर्वी एकदा समजावून दिला होता आणि त्याचेच शस्त्र आम्ही त्याच्यावर उलटवले. तैलरंगात काळ्यावर पांढरे चढवता येते. चुकले तर खरवडून पुन्हा रंगवता येते. पारदर्शक जलरंगात तशी सोय नाही. तेथे पांढरा रंग नसतो. कागदाचे कोरेपण हाच पांढरा. चित्रात जेथे उजेड हवा, ती जागा पहिला लेप देण्यापूर्वीच कोरी राखावी लागते. एकदा राखाडी लेप वाळला की, त्यावर तांबडा दिला तरी तो तांबडा राहत नाही. खालचा रंग वर येतो आणि त्याची मातकट तपकिरी होते. थोडक्यात, जे उजळ हवे, त्याचा विचार आधी करावा लागतो. मागून आठवलेल्या वस्तूला जलरंगात फक्त काळोखी जागा मिळते.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी छापील रूपात पाहिलेले असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात आणि तैलचित्र समजतात. वस्तुतः ते हळदणकरांचे आहे आणि जलरंगातील आहे. दिव्यावर धरलेल्या तळहातातून, बोटांच्या फटींतून पाझरणारा तो उजेड कोणी वरून लावलेला नाही. चहूकडचा काळोख भरताना तो जपलेला आहे. त्या स्त्रीच्या मुखावरचा प्रकाश हे चित्राचे प्रयोजन आहे, हे हळदणकरांना पहिल्या थेंबापासून ठाऊक होते.

आता त्या अडतीस चित्रांतील एका चित्राकडे वळू. ते दादरचे आहे. वेळ पहाटेची, पुलाखाली निळसर धुके, फलाटावरचे दिवे अजून जळत असलेले, छपराच्या कडेवरून ओघळणारे पाणी. अडतीसांत हे सर्वांत देखणे चित्र. आम्ही ते बराच वेळ पाहिले आणि त्याला विचारले, “या वेळी दादरला कोण उतरते रे?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. उत्तर त्याला आमच्याइतकेच ठाऊक होते. त्याची आजी चाळीसहून अधिक वर्षे पहाटेच्या पहिल्या गाड्यांनी सोनचाफा आणि मोगरा घेऊन दादरच्या फुलबाजारात जात असे. वसईच्या बागाईतदार कुटुंबांतील किती बाया या गाड्यांनी गेल्या, त्याची गणती कोणी ठेवलेली नाही. लाल लुगडे, डोक्यावर पाटी, पाटीवर ओले फडके; सूर्य उगवण्यापूर्वी बाजार आणि मुले शाळेत जाण्यापूर्वी परत घर. त्या फुलांच्या पैशांतून या मुलाच्या कलाशाळेची निम्मी फी भरली गेली, हे त्यानेच आम्हाला पूर्वी सांगितले होते.

“ती आहे ना चित्रात, फादर,” तो म्हणाला आणि त्याने पुलाच्या जिन्याजवळ बोट ठेवले. तेथे एक तपकिरी ठिपका होता.

आम्ही चष्मा लावून पाहिला. ठिपक्याला डोके होते, डोक्यावर काहीतरी होते. परंतु लुगडे लाल नव्हते. ते लाल होऊच शकत नव्हते, कारण आधी सारा फलाट राखाडी रंगवून झाला होता आणि आजीची आठवण मागून झाली होती. इमारतीसाठी कागद राखला गेला, दिव्यांसाठी राखला गेला, भिजलेल्या फरशीवरच्या चकाकीसाठीही राखला गेला. जिच्यामुळे हा मुलगा तेथे कुंचला घेऊन उभा राहू शकला, तिच्यासाठी मात्र सुईच्या अग्राएवढीही कोरी जागा उरली नव्हती.

हे आम्ही बोलून दाखवले, तेव्हा त्याने जे उत्तर दिले, ते न्यायबुद्धीने येथे नोंदवलेच पाहिजे. तो म्हणाला, “फादर, मी मुद्दामच तिला लहान ठेवलं. लोक पुस्तक विकत घेतील ते दिवाणखान्यात ठेवायला. डोक्यावर पाटी घेतलेली बाई मोठी काढली की ती त्यांना शोभेची बाहुली वाटते. माझ्या आजीला कोणी शोभेची म्हणून पाहू नये.”

या उत्तराने आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. त्याचे म्हणणे खरे होते. गरीब माणूस चित्रात आला म्हणजे त्याचा मान राखला गेला, असे मुळीच नाही. कोळीण, भाजीवाली, हमाल यांची सुबक, हसरी, रंगीबेरंगी चित्रे दिनदर्शिकांवर आपण इतकी पाहिली आहेत की, त्या चित्रांतील माणसांना घाम येतो, यावरचाही आपला विश्वास उडाला आहे. अनोळखी नजरेपासून आपल्या माणसाला झाकून ठेवावे, ही भावना चांगल्या मुलाचीच आहे.

परंतु झाकणे निराळे आणि पुसणे निराळे. चेहरा दाखवण्याची सक्ती कोणी करीत नाही. पाठमोरी बाई असेल, जिना चढताना एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने पाटी सावरीत असेल, तरी पाहणाऱ्याला तिचा भार कळेल. मारिओ मिरांडा यांची मुंबईची चित्रे आठवावीत. गर्दी म्हणजे डोक्यांचा एकसारखा ढीग, असे त्यांनी कधी मानले नाही. कोपऱ्यातल्या माणसालाही त्यांनी स्वतःचे नाक आणि स्वतःची चिंता दिली. आमच्या चित्रकार मित्राने तेवढे करावे, असेही आमचे म्हणणे नाही. एका चित्रात एका माणसासाठी जागा आधी राखावी, एवढेच आमचे मागणे होते.

याच बाडातील आणखी एका चित्राने आम्हाला अस्वस्थ केले. ते एल्फिन्स्टन रोडचे आहे. या स्थानकाचे नाव २०१८ साली प्रभादेवी झाले. चित्रकाराने जुन्या नावाची पाटीच आवर्जून काढली आहे. जुनी पाटी, जुना जिना, गंजाचे डाग, त्यावर पावसाचे थेंब. चित्र म्हणून ते मोहक आहे. परंतु २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसापासून आडोशाला थांबलेल्या गर्दीत याच स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या जिन्यावरचा गंज आता निव्वळ रंगाची छटा उरलेली नाही. तेथे मृतदेह काढावेत, असे कोणीही सुजाण मनुष्य सुचवणार नाही. परंतु त्या जिन्याची रुंदी तरी खरी असावी! चित्रात तो ऐसपैस दिसतो, कारण त्यावर कोणी नाही. रिकामा जिना नेहमीच रुंद दिसतो. दोन माणसे शेजारी शेजारी उभी केली असती, तर तो किती अरुंद होता, हे शब्दावाचून कळले असते. माणूस हे स्थानकाचे मापही आहे. त्याला वगळले की, इमारतीचे चित्रही खोटे पडते. बोर्नला बोगद्यात जे कळले होते, ते हेच.

रिकाम्या स्थानकाचे सौंदर्य म्हणून काही असते का? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि लोकल थांबल्या, तेव्हा आपण सर्वांनी ती रिकामी स्थानके पाहिली. जून महिन्यात अत्यावश्यक सेवेतील माणसांसाठी गाड्या सुरू झाल्या. सर्वसामान्यांना ठरावीक वेळात का होईना, प्रवास करता यावा म्हणून १ फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला. त्या दिवसांत फलाट स्वच्छ होते, खांब उठून दिसत होते, छपरांच्या कडा सरळ होत्या. एखाद्या चित्रकाराला हव्या तशा. कोणाला ते सुंदर वाटले? आपल्या घराघरांत तेव्हा रोजगार बुडाल्याची काळजी होती आणि फुले बागेतच सुकत होती. पुस्तकातील काही चित्रे पाहताना आम्हाला नकळत त्या महिन्यांची आठवण झाली. चित्रकाराच्या मनात शांतता होती. पाहणाऱ्याच्या मनात धास्ती उमटली.

आता पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन सूचना. आपल्या स्थानकांना जो इतिहास आहे, त्यातला बराचसा इमारतींत दिसत नाही. मुंबई-बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची विरारहून बॅकबेकडे जाणारी पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. तेव्हा दिवसाला जाऊन-येऊन एकच फेरी होती. विजेची गाडी बोरिवलीपर्यंत १९२८ साली आली आणि विरारपर्यंत यायला १९३६ उजाडले. मधली आठ वर्षे आपल्याकडच्या मंडळींनी धुरातच काढली. वसई रोड या नावातील ‘रोड’ हा शब्दही बोलका आहे. स्थानक गावात नाही, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, असे तो सांगतो. डहाणू रोडचेही तसेच. म्हणजे आपल्या माणसाचा प्रवास फलाटावर सुरू होत नसे. तो घराच्या अंगणातून, बैलगाडीतून, टांग्यातून किंवा पायी सुरू होई. वसई रोडच्या चित्रात तो रस्ता कोठे आहे? चित्र फलाटाच्या टोकाशी थांबते आणि अर्धे नाव अर्थहीन होते.

दुसरी सूचना पाणजूविषयी. वसईच्या खाडीतील या बेटाचे नाव १८६७ च्या काळातील स्थानकांच्या यादीत आढळते. स्थानक केव्हाच गेले. माणसे अजून बेटावर राहतात आणि त्यांच्या डोक्यावरून दोन्ही दिशांच्या गाड्या धडधडत जातात. पुस्तकात पाणजू नाही, कारण काढण्याजोगी इमारत नाही. आम्ही सुचवले की, त्या पानावर केवळ खाडीचे पाणी आणि पुलाची एक रेघ काढावी आणि उरलेला कागद कोरा ठेवावा. ज्या माध्यमात कोरेपणालाच प्रकाश म्हणतात, त्या माध्यमात नाहीशा झालेल्या स्थानकासाठी यापेक्षा उचित चित्र कोणते असेल?

आमच्यावर एक आक्षेप येऊ शकतो. चित्रकाराने काय काढावे, हे सांगणारे तुम्ही कोण? फुलाचे चित्र काढणाऱ्याला कोणी माळ्याबद्दल विचारत नाही. हा आक्षेप आम्ही मनात घोळवून पाहिला. सुट्या चित्रापुरता तो आम्हाला मान्य आहे. कोणी वांद्र्याचे छप्पर तेवढे काढावे, सुखाने काढावे. परंतु पुस्तकाचे तसे नसते. स्थानकांविषयीचे पुस्तक घरात राहते, नातवंडांच्या हाती जाते आणि साक्षीदार होऊन बसते. उद्या हे फलाट पाडून नवे होतील. काही होतही आहेत. तेव्हा आपली आजी कोठून कोठे गेली, असे कोणी विचारले, तर हेच पान उघडले जाईल. तेथे निळे धुके आणि लोखंडी खांब यांपलीकडे काही नसेल, तर आपली माणसे या शहराच्या पहाटेत कधी नव्हतीच, अशी साक्ष ते पुस्तक देईल. आणि सुंदर पुस्तकाची खोटी साक्ष कुरूप पुस्तकापेक्षा अधिक टिकते.

पत्र पाठवल्यावर दोन महिने त्याच्याकडून काही कळले नाही. तो दुखावला असावा, असे वाटून आम्हालाही चुटपुट लागली. टीका करणे सोपे असते; अडतीस चित्रे काढणे सोपे नसते. नाताळच्या तयारीच्या दिवसांत तो पुन्हा आला. या वेळी बाड नव्हते, वहीएवढा एकच कागद होता. दादरच. परंतु या वेळी त्याने कागदाच्या मध्यभागी एक लहानशी आकृती आधी राखली होती आणि तिच्याभोवती पहाट भरली होती. लुगडे लाल होते. स्वच्छ, भिजलेले लाल. पुलाचा कठडा किंचित कलला होता आणि छपराची कड पूर्वीसारखी रेखीव नव्हती. सारे लक्ष एका ठिकाणी गेल्यावर असे व्हायचेच. आम्हाला मात्र हे चित्र पहिल्यापेक्षा पुष्कळ अधिक आवडले आणि तसे आम्ही त्याला सांगितले.

“आजीला दाखवलंस का?” आम्ही विचारले.

“दाखवलं,” तो हसत म्हणाला. “बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, पाटी आहे, पण चुंबळ कुठे आहे? चुंबळीशिवाय पाटी डोक्यावर ठरेल कशी?”

आम्ही कागद पुन्हा हाती घेतला. खरोखरच चुंबळ नव्हती. सेमिनरीतील शिक्षण, पॅडिंग्टन आणि सेंट-लझार यांची उदाहरणे, हे सारे जमेस धरूनही ती उणीव आमच्या नजरेस आली नव्हती. ज्या डोक्याने चाळीस वर्षे भार वाहिला, त्यालाच ती दिसली.

तो ते चित्र पुन्हा काढणार आहे. पुस्तक त्यासाठी आणखी काही महिने थांबले आहे आणि मजकूर लिहिणाऱ्या गृहस्थांनीही त्यास मान्यता दिली आहे, असे कळते. प्रस्तावनेविषयी त्याने पुन्हा विचारले, तेव्हा आम्ही त्याला आजीकडे पाठवले.